नगरसेवकाविना सतरा वर्षे

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन शहरांनी १९८३ ते २०२५ या बेचाळीस वर्षांतली जवळजवळ सतरा वर्षे नगरसेवकाविना काढली. नगरसेवक चांगला की वाईट हा वाद पुढचा. इथे नगरसेवकच नव्हता. कारभार प्रशासकाकडे. प्रशासक बदलीवर येतो, बदलीवर जातो, कधी कधी चांगलं कामही करतो. पण त्याला पाच वर्षांनी तुमच्या गल्लीत मत मागायला यायचं नसतं. आमच्या भागाचा निवडणुकांचा इतिहास सांगायचा तर या रिकाम्या वर्षांपासूनच सुरुवात करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मी अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. शिक्षकाच्या नशिबी निवडणुकीची ड्युटी असतेच. त्यामुळे उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या कात्रप-बेलवलीपर्यंत मतदान केंद्रं पाहिली, पेट्या सील केल्या, बोटांना शाई लावली. जे लिहिते आहे ते तिथून दिसलेलं आहे.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी सरकारने कल्याण महानगरपालिका स्थापन केली आणि कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरही तिच्यात घातलं. अंबरनाथची स्वतःची नगरपालिका होती, ती त्या दिवशी संपली. मोठं शहर झालं की मोठा निधी येईल, हा त्यामागचा विचार. घडलं वेगळंच. या महानगरपालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९९५ साल उजाडलं. तोवर सगळा कारभार प्रशासकाचा. घरपट्टीची तक्रार असो की दिवाबत्तीची, अंबरनाथचा माणूस लोकलने कल्याणला जाणार, बदलापूरचा त्याहून लांबून जाणार, आणि साहेब मिटिंगला गेलेत असं ऐकून परत येणार. माझे सासरे चिखलोलीच्या रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी असे कितीतरी वेळा गेले. दिवा लागला की नाही हे महत्त्वाचं नाही; त्यांना कोणाला जाब विचारायचा हेच कळत नव्हतं, हे महत्त्वाचं आहे. लोकांनी वेगळ्या नगरपालिकेची मागणी लावून धरली आणि १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. निवडणुकीला आणखी तीन वर्षे लागली.

१९९५ ची ती निवडणूक मला अजून लख्ख आठवते, कारण आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांनी त्याआधी नगरपालिकेची मतपत्रिका पाहिलीच नव्हती. माझ्याकडे शाई आणि मतपत्रिकेचं टेबल होतं. लाकडी बाणफुलीचा शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड, पुठ्ठ्याचा आडोसा. मतपत्रिका देताना ती घडी घालून दाखवायची: आधी उभी, मग आडवी. उलट घडी घातली तर ओली शाई समोरच्या उमेदवाराच्या चिन्हावर उमटते आणि मोजणीच्या वेळी भांडण होतं. खुंटवलीकडच्या एका आजींनी घडी नीट समजून घेतली, आत गेल्या, बाहेर आल्या, पेटीच्या फटीत पत्रिका टाकली आणि पेटीला हात लावून नमस्कार केला. “बाई, आता आमचा माणूस इथंच असेल ना? कल्याणला जायला नको ना?” एवढंच त्यांनी विचारलं. नगरसेवक कशाला हवा, याचं याहून नेमकं उत्तर मी वर्गात कधी देऊ शकले नाही.

उल्हासनगरची गोष्ट निराळी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, ओसाड पडलेल्या बराकींत ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं मात्र आजही टिकून आहेत. मतदार यादीत पत्ता म्हणून बराकीचा नंबर आणि खोलीचा नंबर असायचा. एकाच बराकीत एकाच आडनावाची चार-पाच कुटुंबं. नाव पुकारलं की तिघं उठायचे, मग वडिलांच्या नावावरून माणूस ठरायचा. सर्वस्व मागे टाकून आलेल्या या लोकांनी इथे घर, दुकान, कारखाना सगळं स्वतः उभं केलं. त्यांच्या दृष्टीने नगरपालिकेतली खुर्ची म्हणजे या जमिनीवरच्या हक्काचा पुरावा होता. जागेची सनद मिळवून देणारा, नळाची जोडणी मिळवून देणारा, वाढीव बांधकामावर हातोडा पडू नये म्हणून धावणारा तो नगरसेवक. शेवटी अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास एका उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला, इतका तो प्रश्न मोठा होता. स्लॅब कोसळून माणसं मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असं इथे कधी झालेलं नाही.

१९८३ च्या विलीनीकरणातून उल्हासनगर बाहेर राहिलं, म्हणून आमच्याकडे नगरपालिका नव्हती तेव्हाही त्यांच्याकडे ती होती. १९८६ मध्ये पप्पू कलानी तिथे नगराध्यक्ष झाले आणि चार वर्षांत आमदार. नगरपालिकेच्या पायरीवरून विधानसभेत जाण्याची ही वाट पुढे या सगळ्या पट्ट्यात अनेकांनी धरली. त्या काळातली उल्हासनगरची दहशत, खून आणि टाडाची प्रकरणं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिली गेली. मी इथे एवढंच नोंदवते की त्या दिवसांत कॅम्पमध्ये ड्युटी लागली की घरचे देवाला हात जोडायचे. २० ऑक्टोबर १९९६ रोजी उल्हासनगरची महानगरपालिका झाली.

अंबरनाथ मुळात कारखान्यांचं गाव. धरमसी मोरारजीचा रसायनांचा कारखाना, विमकोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि नंतरची एमआयडीसी. कोकणातून, घाटावरून, दक्षिणेतून आलेली कामगार कुटुंबं आणि त्यांच्या भोवती कोहोजगाव, जावसई, मोरिवली, चिखलोली ही जुनी आगरी गावं. निवडणुकीत हे दोन प्रवाह कायम दिसतात. गावात मत घराण्याकडे आणि भावकीकडे पाहून पडतं. चाळीत आणि सोसायटीत ते ओळखीवर पडतं. माझे यजमान ऑर्डनन्समध्ये होते. केंद्र सरकारी नोकराला उभं राहता येत नाही, प्रचारही करता येत नाही. आमच्या वसाहतीच्या आसपास राजकारणाची उत्तम जाण असलेली माणसं पुष्कळ होती, पण मतदान केंद्रावर रांग लावण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. मग त्यांच्या घरच्या बायका पुढे आल्या. हे आरक्षणाच्या आधीपासून चालू होतं, आरक्षणाने त्याला दार उघडून दिलं.

आरक्षणाची सोडत ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा पाहायला हवी. प्रभागांचे नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून गुंडाळतात, रबर लावतात, पारदर्शक ड्रममध्ये टाकतात, ड्रम फिरवतात. चिठ्ठी काढतं ते शाळेतलं पोर. २०१५ च्या निवडणुकीआधी आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुली नेल्या होत्या, त्यांना घेऊन मी गेले होते. सभागृहात कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले इच्छुक दाटीवाटीने बसलेले. मुलगी डोळे मिटून हात घालते, चिठ्ठी अधिकाऱ्याकडे देते, अधिकारी वाचतात, मागच्या रांगेत कोणी तरी उसासा टाकतं. आमच्याच भागातला एक तरुण, गणपती मंडळ चालवणारा, पावसाळ्यात स्वतः फावडं घेऊन नाला मोकळा करणारा, चार वर्षांपासून तयारी करत होता. त्याचा वॉर्ड महिला झाला. तो उठला, बाहेरच्या व्हरांड्यात गेला आणि फोनवर म्हणाला, “अगं, तुझे फोटो काढायला लागतील. आधार कार्ड कुठे ठेवलंयस?” दोन दिवसांनी चौकातल्या फलकावर त्याच्या फोटोच्या जागी बायकोचा मोठा फोटो होता आणि त्याचा छोटा.

यावर हसणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. महिलांच्या जागा आधी एक तृतीयांश होत्या, २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. नवरा बोट ठेवेल तिथे सही करणाऱ्या बाया मी पाहिल्या, तसंच त्या बाया कशा बदलल्या तेही पाहिलं. आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई अशीच निवडून आली होती. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळाली की रात्री जेवणं आटोपून ती माझ्याकडे यायची. “बाई, हा विषय नंबर अकरा काय आहे? आणि हे ‘ऐनवेळचे विषय’ म्हणजे काय?” ओट्यावर कागद पसरून आम्ही वाचायचो: निविदा, दरपत्रक, कार्योत्तर मंजुरी. वर्षभरात तिने लाल पेन घ्यायला सुरुवात केली. काम आधी होऊन गेलंय आणि मंजुरी आता मागतायत, असं जिथे दिसेल तिथे खूण. एकदा तिने सभेत उभं राहून विचारलं की ज्या गटाराचं बिल आलंय ते गटार मला दाखवा. गटार दाखवता आलं नाही आणि तो विषय मागे घेतला गेला. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं आणि तिचा वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गाकडे गेला. पाच वर्षांत शिकलेलं सगळं घरी बसलं. आरक्षण हवंच, पण दर खेपेला ते वॉर्डावॉर्डांतून फिरत राहिल्यामुळे काम शिकलेल्या बायका बाहेर पडतात, याचा विचार कोणी करत नाही, हे माझं दुःख आहे.

उभं राहणं म्हणजे काय असतं, तेही जवळून पाहिलं. २०१० मध्ये आमच्या शेजारच्या ताई, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, अपक्ष उभ्या राहिल्या. आधी कागद. मतदार यादीतलं नाव, नगरपालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, सूचक, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नसावं, हीसुद्धा अट. राखीव जागा असेल तर जातीच्या पडताळणीचे कागद. छाननीच्या दिवशी एका चुकलेल्या तारखेवरून अर्ज बाद होतो, म्हणून त्यांनी प्रत्येक पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग चिन्ह. पक्षाचा एबी फॉर्म ज्याच्याकडे नाही त्याला आयोगाच्या यादीतलं मुक्त चिन्ह घ्यावं लागतं. ताईंना कपबशी मिळाली. प्रचारासाठी वेळ उरतो जेमतेम दहा-बारा दिवस. पक्षवाल्यांचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे पाठ असतं, अपक्षाने आपलं चिन्ह त्या दिवसांत घराघरात पोचवायचं. पहाटे पोळ्या लाटायच्या, डबे पाठवायचे, सकाळची लोकल पकडायला निघालेल्या लोकांना स्टेशनच्या रस्त्यावर पत्रकं द्यायची, आणि संध्याकाळी बिनलिफ्टच्या चार-चार मजली इमारती चढायच्या. दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कधी येणार?

या एका प्रश्नात आमच्या नगरपालिकांचं सगळं दुबळेपण साठलं आहे. अंबरनाथ आणि बदलापूरचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे, उल्हासनगरला पाणी एमआयडीसीकडून विकत घ्यावं लागतं. वीज महावितरणची. मोठे रस्ते आणि पूल बहुधा एमएमआरडीएचे. लोकल रेल्वेची. नगरसेवकाच्या हातात राहतं ते गटार, कचरा, गल्लीतला रस्ता, दिवे, शाळा-दवाखाने आणि बांधकामाची परवानगी. ताई खरं ते सांगायच्या: “पाणी माझ्या हातात नाही, पण मी प्राधिकरणाच्या ऑफिसात तुमच्याबरोबर येईन.” पक्षाचे उमेदवार चोवीस तास पाण्याचं आश्वासन देऊन जायचे. ताई हरल्या. पण पुढची कित्येक वर्षे बायका हंडे घेऊन मोर्चाला निघाल्या की आधी ताईंच्या दुकानावर यायच्या.

हे सगळं होत असताना शहरं फुगत होती. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती, २०११ मध्ये १,७४,२२६. अंबरनाथ अडीच लाखांच्या पुढे, उल्हासनगर पाच लाखांच्या पुढे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठचं बदलापूर पाण्याखाली गेलं, त्या दिवसांत घराघरात पोचली ती स्थानिक मुलं, मंडळं आणि नगरसेवक. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेल्या नव्या मतदाराला आपला वॉर्ड कुठला हेही धड माहीत नसायचं, आणि मंत्रालयात दर काही वर्षांनी नियम बदलत होते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा, असं १९७४ मध्ये झालं. मग ते मागे पडलं. २००१ मध्ये पुन्हा थेट, २००६ मध्ये नगरसेवकांमधून, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत थेट. एका प्रभागात एक सदस्य की दोन की चार, हेही तसंच. उल्हासनगरमध्ये २०१७ ला एका मतदाराने चार-चार मतं द्यायची होती. जो सत्तेवर येतो तो आपल्या सोयीने पद्धत बदलतो, यात कुठल्याही पक्षाचा अपवाद नाही. मतदाराला विचारून यातला एकही बदल झालेला नाही.

आणि मग दुसरा रिकामा काळ. अंबरनाथ-बदलापूरची मुदत मे २०२० मध्ये संपली. कोरोना होता, निवडणूक पुढे गेली, हे समजण्यासारखं आहे. त्यानंतर ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रभागरचना झाल्या, बदलल्या, पुन्हा झाल्या. उल्हासनगरची मुदत २०२२ मध्ये संपली, तेही त्याच रांगेत. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा राज्यभरातल्या पालिकांचं कुलूप निघालं. प्रत्यक्ष मतदान होईपर्यंत आमच्याकडे साडेपाच वर्षे गेली होती. २०१५ मध्ये आईच्या बोटाला धरून केंद्रावर आलेल्या शाळकरी मुली आता स्वतः मतदार झाल्या होत्या आणि त्यांनी नगरपालिकेसाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं.

बदलापुरात बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, अंबरनाथचं न्यायालयीन अपिलांमुळे २० डिसेंबरपर्यंत लांबलं, आणि २१ तारखेला दोन्हीकडची मोजणी झाली. दोन्ही शहरांत नगराध्यक्षपदी महिला निवडून आल्या: अंबरनाथमध्ये तेजश्री करंजुले पाटील, बदलापुरात रुचिता घोरपडे. अंबरनाथच्या ५९ जागांत शिवसेनेला २७, भाजपला १४, काँग्रेसला १२, राष्ट्रवादीला ४ आणि अपक्षांना २. मग जानेवारीत काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. शिवसेनेला बाहेर ठेवण्यासाठी भाजप आणि काँग्रेस एका आघाडीत बसले, काँग्रेसने आपले बारा जण निलंबित केले, ते भाजपमध्ये गेले, आणि राष्ट्रवादीचे चार सेनेच्या बाजूला गेले. साडेपाच वर्षे थांबून, रांगेत उभं राहून दिलेल्या मताचं पहिल्याच महिन्यात असं झालं. माझ्या परिचयाच्या एका आजोबांनी मला फोन करून विचारलं, “बाई, मग मी मत नेमकं कोणाला दिलं?” मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. ज्यांना ते द्यायला हवं ते निवडून आलेले आहेत आणि याच शहरात राहतात. १५ जानेवारी २०२६ ला उल्हासनगरच्या ७८ जागांसाठीही मतदान झालं.

राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. म्हणजे आमची पुढची निवडणूक २०३० च्या अखेरीला किंवा फार तर २०३१ च्या सुरुवातीला व्हायला हवी. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या वाचकांनी हे साल लक्षात ठेवावं आणि तारीख पुढे सरकू लागली की पहिल्याच महिन्यात विचारावं, साडेपाच वर्षांनी नव्हे. तोवर एक काम आपल्या हातात आहे. सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. आपल्या नगरसेवकाकडून विषयपत्रिका मागून घ्या, घरी नीट वाचा, आणि सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसा.